सहदेवची मोट

शेंदूरजनाघाट
ता. ६ मार्च १९६१

सहदेव,

चौथीत मास्तरांनी पत्र लिहायला शिकवले तेव्हा आधी खुशाली कळवायची असे सांगितले होते. तर खुशाल आहे. खोकला आहे, पण तो तू इथे होतास तेव्हाही होता. पत्ता वसंताच्या एका जुन्या पाकिटावरून उतरवून घेतला. त्याने घर बदलले असेल तर हे पत्र भलत्याच्या हाती पडेल. ज्याच्या हाती पडेल त्याने कृपा करून पोचते करावे. वसंत कचेरीत आहे, चष्मा लावतो, त्याचे म्हातारे आईबाप गेल्या वैशाखापासून त्याच्याकडे राहायला आले आहेत. एवढी खूण पुरेल.

माणिकवहिनींना नमस्कार सांग.

मी लिहिणार नव्हतो. तू मला न सांगता गेलास, तेव्हा बोलायचे ते आधी तू बोलायला हवे. इंजन बसवायला मी चारचौघांत नाही म्हटले हे खरे. विहीर दोघांची आहे, मला विचारले, मी नाही म्हटले. त्यावर तू काहीच बोलला नाहीस. दुसऱ्या आठवड्यात तुझ्या उत्तमने इंजन आणले आणि तू सामान बांधलेस. हे मला शालूकडून कळले. तुझ्या सुनेकडून.

पण पाडवा जवळ आला, म्हणून लिहावे लागते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आपण बागेचे पाणी तोडतो. मी माझी मोट सोडवून तुझ्या घरी टांगतो, तू तुझी माझ्या घरी आणतोस. मग मृगाचा पाऊस पडेपर्यंत झाडांना थेंब नाही. हे तुला सांगायला नको, पण कालच उत्तमला सगळे पहिल्यापासून सांगितले, ते डोक्यात घोळते आहे. म्हटले, बाबा, संत्र्याला ताण द्यावा लागतो. पाने आखडतात, निम्मी गळतात, पाहवत नाही. पण उपाशी राहिलेले झाडच मृगात अंगभर फुलते. तेवढे दिवस विहिरीलाही उसंत मिळते. म्हटले, वैशाखात झाडाने मान टाकली की मालकाचा हात राहत नाही, तो जाऊन चार मोटा ओततोच, आणि बहार जातो. म्हणून तुझ्या आज्याने आणि माझ्या बापाने ठरवले की आपली मोट आपल्या घरी ठेवायचीच नाही.

उत्तम सगळे ऐकून घेतो. पोरगा वाईट नाही. मग म्हणाला, "काकाजी, इंजन का खुंटीले टांगता येते?"

मी म्हटले, "त्याचा पट्टा काढून दे. पट्ट्याबिगर पंप फिरत नाई, मले मालूम हाये."

"अन् आंब्या बहाराले पानी तुमी तोंडानं देसान का?"

तिथे बसलेले सगळे हसले. मीही हसलो. काय करणार.

त्याने थंडीत पाणी देऊन तुझ्या बागेत आंब्या बहारही धरला आहे. एकाच झाडावर खाली पिकलेली संत्री आणि वर पांढरे फूल. वरूडहून माणसे बघायला येतात. सुंदर दिसते, खोटे कशाला लिहू. पण त्या झाडांना आता ताण द्यायचा कधी? उन्हाळाभर पाणी लागणार. झाडांना उसंत नाही आणि विहिरीलाही नाही.

माझे मागणे एवढेच आहे. तू बाप आहेस. त्याला एक ओळ लिही की पाडव्यापासून पावसापर्यंत इंजन बंद. काढून टाक म्हणत नाही. बाकी वर्षभर चालव म्हणावे.

आणखी एक. तुझी मोट माझ्याकडेच आहे. गेल्या मृगात तू न्यायला आला नाहीस. मी रोज वाट पाहत होतो.

उद्धव


शेंदूरजनाघाट
ता. २ एप्रिल १९६१

सहदेव,

मागचे पत्र पोचले की नाही? पोस्टमास्तरांना दोनदा विचारले. ते म्हणाले, आमच्याकडून गेले, पुढचे अकोलेवाल्यांना विचारा. आता अकोलेवाल्यांना कसे विचारणार? त्यांनाही पत्रच लिहावे लागेल.

उत्तमला तुझी ओळ आली नाही. मी दर दोन दिवसांनी विचारतो. आता मी दिसलो की तो दुरूनच हात हलवून नाही म्हणतो.

मी माझ्याकडून रीत मोडली नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मोट खांद्यावर घातली आणि तुझ्या घरी गेलो. शालू अंगणात मिरच्या वाळत घालत होती. म्हणाली, "मामाजी, हे काहून आनलं आता?"

"ठेवाची रीत हाये."

"ठेवा मंग. तुमची खुंटी कोनी नेली नाई." तिने स्वतःच टांगली. कातडे जड आहे, पण उचलले. मग मिरच्या पसरता पसरता विचारले, "मामाजी, एक बोलू? राग नाई न येनार?"

"बोल."

"तुमी एकटे. विमलताईचं लगन झालं, काकी गेल्या. तुमचं पुरे झालं. आमचं त अजून सुरूच नाई झालं. मले रमाले अमरावतीले शिकवाचं हाये, वसतिगृहात ठेवून. घराले फरशी पाह्यजे. एका बहारात होते का हे?"

रमा तुझी नात आहे, हुशार आहे, मला वर्तमानपत्र वाचून दाखवते. तिने शिकू नये असे मी कशाला म्हणेन? माझ्या गोदावरीला सही करता येत नव्हती, त्याचे तिला किती वाटायचे ते मला ठाऊक आहे.

त्याच आठवड्यात विकास गटाचे साहेब जीपमधून आले. तुझी बाग पाहिली, उत्तमचा नारळ देऊन सत्कार केला. मी आपल्या विहिरीच्या काठाशी उभा होतो. मला म्हणाले, "बाबा, तुम्ही का दोन बहार घेत नाही?"

मी म्हटले, "एक पुरतो."

साहेब हसले, पण चांगले हसले, टिंगल नव्हती. म्हणाले, "देश गरीब आहे, बाबा. पुरे म्हणायची ऐपत अजून आपल्याला आलेली नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. माणूस खोटे बोलत नव्हता. आपण लहानपणी ज्वारीच्या कण्या खाऊन दिवस काढले, ते पुन्हा कुणाच्या पोरावर यावेत असे मी म्हणेन का? पण घरी येता येता एक प्रश्न सुचला. ती ऐपत आली हे ओळखायचे कसे? विहिरीला तळ आहे, झाडालाही हद्द आहे. त्याच्या आधी ऐपत आली तर बरे, नाही आली तर काय? मी परत वळलो, तोवर जीप गेलेली. मला सगळे उशिराच सुचते.

दुसऱ्या कुणाला विचारू? तुला विचारतो. आपल्याला एक बहार पुरत होता ना रे? मला तर पुरत होता.

एक ओळ लिही. वसंताला सांगून लिहिलीस तरी चालेल.

उद्धव


शेंदूरजनाघाट
ता. ११ फेब्रुवारी १९६२

सहदेव,

वर्ष झाले. तुझे पत्र नाही. मीही मग लिहिले नाही, पण माझे न लिहिणे तुला कळले असेल असे वाटत नाही.

तू लिहीत नाहीस म्हणून तुझ्या घरचे मी कळवतो. उत्तमला दोन्ही बहार चांगले आले. माझ्या बागेपेक्षा तुझी बाग भारी दिसते, लोक तोंडावर म्हणतात. घराला शहाबादी फरशी बसली. पाय टेकला की गार वाटते. रेडिओ आला. जूनपासून रमा अमरावतीला जाईल. शालूने मला जेवायला बोलावले होते, पुरणपोळी केली होती. उत्तमने रेडिओ मोठ्याने लावला आणि म्हणाला, "काकाजी, आता बोला!" मी म्हटले, बोलू काय, ऐकू तर येत नाही.

मला बरे वाटले, सहदेव. खरेच. घरी येताना वाटले की मीच चुकत असेन. मी शिकलेला नाही, साहेब शिकलेले. मी एकटा, माझ्या हाताने भाकरी थापतो, दोन खाल्ल्या की झाले. अशा माणसाने इतरांना पुरे कसले सांगावे?

मग दुसऱ्या दिवशी तुझ्या बागेतून चालत गेलो. मोटेच्या बैलांच्या धावेकडच्या ओळीत तीन-चार झाडांच्या फांद्या शेंड्याकडून वाळल्या आहेत. उत्तम म्हणतो, खत कमी पडले. असेल. विहिरीचे पाणी या हिवाळ्यातच इतके खाली आहे की माझ्या मोटेच्या नाड्याला दोर जोडावा लागला. उत्तम म्हणतो, पाऊस कमी झाला. तेही असेल. मी कशालाच हो किंवा नाही म्हणत नाही. मला नुसती काळजी वाटत राहते, आणि काळजी दाखवली की माणसे उठून जातात.

आपल्या दोन धावा शेजारी शेजारी. तुझे बैल उतरायचे तेव्हा माझे चढायचे, आणि मधल्या मध्ये आपले बोलणे व्हायचे. अर्धे बोलणे आता आणि अर्धे पुढच्या खेपेला. एकदा माणिकवहिनींच्या माहेरची गोष्ट तू सकाळभर सांगत होतास आणि शेवट सांगायच्या आधीच मोटा सुटल्या. आता पलीकडे इंजन असते. मी बैलांना हाक मारली तर बैलांनाही ऐकू येत नाही.

विमल चांदूर बाजारला बोलावते आहे. म्हणते, बाबा, तुमचे जावई काही म्हणणार नाहीत. मी म्हटले, पाडवा होऊ दे.

अजून वेळ आहे. या वर्षी तरी ओळ लिही.

उद्धव


शेंदूरजनाघाट
ता. ९ मे १९६२

सहदेव,

उत्तम तुला भेटून आला. तू बरा आहेस, गुडघे दुखतात, सकाळी फिरायला जातोस, असे म्हणाला. माझी पत्रे पोचली, तीनही. वसंताच्या बायकोने वाचून दाखवली.

मी विचारले, "मंग? इंजनाचं काई बोलला का तो?"

उत्तम आधी टाळत होता. मग म्हणाला, "काकाजी, काहून खोदून खोदून विचारता? इंजन बाबानंच घ्याले सांगितलं होतं. मी त भीत होतो."

"सहदेवनं?"

"हो. तो म्हने, माह्या बापाच्या वक्तापासून एका बहारावर बसलो. मले दरसाल दोन पाह्यजे होते. उद्धवपुढं तोंड उघडत नव्हतं म्हनून मोट नेऊन टांगत होतो."

मी म्हटले, बरे.

घरी येऊन तुझी मोट खुंटीवरून काढली. बांधून ठेवली आहे. मोर्शीहून अकोल्याची एस.टी. जाते, तिच्या टपावर टाकून पाठवतो. वसंताला स्टँडवर यायला सांग. माझ्या घरात ती आता कशाला?

एवढी वर्षे मी समजत होतो की माझ्या खुंटीवर मोट टांगतो तो माणूस माझ्यासारखाच आहे.

उद्धव


शेंदूरजनाघाट
ता. १९ जून १९६२

सहदेव,

मोट आली नाही म्हणून वसंत स्टँडवर हेलपाटे घालत असेल तर त्याला थांबव. पाठवलेली नाही. का ते लिहितो. पत्र लांबेल. सुनेला एकदम वाचायला लावू नकोस, तिलाही घरचे काम असेल.

मृग कोरडा चालला आहे. विहीर तळाला गेली. दिवसरात्र जे झिरपते ते सकाळी गुडघाभर साचते. उत्तम उजाडताच इंजन सुरू करतो आणि ते सगळे आंब्या बहाराच्या फळांना देतो. त्याचाही इलाज नाही, फळे लिंबाएवढी झाली आहेत, पाणी तुटले की गळतात. पण त्यामुळे दोन्ही घरांना प्यायला पाणी नाही. शालू आणि बाया नदीच्या वाळूत झरे खणून वाटीवाटीने पाण्याचे गुंड भरतात. मलाही एक गुंड आणून देते. मी नको म्हटले तर म्हणते, "मंग का रेडिओ पिसान?"

माझ्या झाडांचा ताण केव्हाच संपायला हवा होता. पाऊस नाही म्हणून तो चालूच आहे. आता तो ताण राहिलेला नाही, झाडे मरू लागली आहेत. माझी मोट तुझ्या घरी आहे, आणि इथे असती तरी त्या गुडघाभर पाण्यात ती बुडाली नसती.

मागच्या सोमवारी सकाळी शालू दारात आली. डोक्यावर गुंड होता. आत येऊन खाली ठेवला तर पाण्याचा आवाज आला नाही. हात घालून तिने इंजनाचा पट्टा बाहेर काढला.

"मामाजी, एखांदी खुंटी रिकामी हाये का?"

तुझी मोट कोपऱ्यात बांधून पडली होती, तेव्हा खुंटी रिकामी होती. मी म्हटले, "उत्तमले मालूम हाये का?"

"आता होईन. पानी पडेपर्यंत ठेवा. ते मांगाले आले त देऊ नका." मग जरा थांबून म्हणाली, "मी आली त मलेबी देऊ नका."

"फळं गळतीन, पोरी."

"गळतीन. मले का दिसत नाई? रमाचं नाव घातलं अमरावतीले, तिच्या वसतिगृहाचं ह्याच बहारावर होतं." पदराने तोंड पुसले. "तुमचं ऐकून आनला असं नका समजू. तुमाले पुरते म्हनून मले पुरते असं नाई. मले फरशीबी पाह्यजे, रमाची शाळाबी पाह्यजे. पन इहीरच नाई राह्यली त कशाचे बहार घेऊ? तिकडं ते आयकत नाईत, अन् माह्या घरात ठेवला त मीच काढून देईन. सकाळी ते फळाकडं पाहून उभे राह्यतात न, मले पाहवत नाई. म्हनून इथं."

मी पट्टा टांगला.

मला जिंकल्यासारखे वाटायला हवे होते, नाही का? दोन वर्षे मी तेच मागत होतो. पण नुसती भीती वाटली. दार लावावे की उघडे ठेवावे ते कळेना. उत्तम भांडला तर? उंदरांनी पट्टा कुरतडला तर? मी त्याखाली घोंगडी टाकून बसून राहिलो.

उत्तम दुसऱ्या दिवशी आला. रागावला नव्हता, डोळे आत गेले होते. खुंटीकडे पाहिले आणि उंबऱ्यावर बसला.

"काकाजी, पट्टा द्या."

"नाई."

"एक डाव फक्त. फळं नाई म्हनत मी. तुमच्या झाडाले सोडतो पानी, तुमची त मरून राह्यली. सारं तुमीच घ्या. पाहून आलो मी आताच, धाकल्या ओळीत पान नाई राह्यलं."

धाकली ओळ गोदावरीने लावलेली. कलमे डोक्यावर आणली होती, तुला आठवत असेल.

सहदेव, मी उठलो. माझा हात खुंटीपर्यंत गेला. पट्ट्याला लागला. कोणती ओळ आधी भिजवायची, पाणी पुरले तर पुढे कुठे वळवायचे, हे सगळे मनात ठरवून झाले होते. प्यायच्या पाण्याचे, विहिरीचे, शालूचे, काही काही आठवले नाही.

उत्तम माझ्याकडे पाहत होता. हळूच म्हणाला, "काकाजी, तुमीबी?"

मी हात खाली घेतला. घोंगडीवर बसलो. तोही आत येऊन बसला. मग मी त्याला शालूने आणलेले पाणी दिले. तो प्यायला, भांडे पालथे घातले आणि म्हणाला, "राहू द्या टांगलेला." गेला. पुन्हा मागायला आलेला नाही. शालू एकदा आली होती, मीठ मागायला. मीठ तिच्या घरी आहे, मला ठाऊक आहे. खुंटीकडे पाहत उभी राहिली आणि मीठ न घेताच गेली.

तेव्हापासून तुझा विचार करतो आहे. मी समजत होतो की आपल्याला दोघांना पुरत होते, आणि तू मला फसवलेस. पण तुझ्या बापाला आणि माझ्या बापाला पुरत असते तर त्यांनी आपापली मोट आपापल्या घरात ठेवली नसती का? माझा हात पट्ट्याला लागला तेव्हा मला हे सुचले. नेहमीसारखे उशिरा. तुला दरसाल दोन पाहिजे होते. मलाही पाहिजे असतील, फक्त माझी मोट तुझ्याकडे असायची म्हणून मला कधी कळले नाही. पाहिजे असूनही तू दरसाल ती आणून टांगलीस. मनातून टांगलीस की भिऊन, ते आता मी विचारत नाही. तुझ्या शालूने मला न भिता पट्टा टांगायला आणला, एवढे मात्र कळवावेसे वाटले.

साहेब म्हणाले होते ते मी अजून विसरलेलो नाही. शालूला ऐपत आलेली नाही. तिला काहीच पुरलेले नाही. तरी तिने थांबवले. हे साहेबांना कसे सांगावे, मला येत नाही. जीप आली तर शालूकडेच पाठवीन.

तुझ्या बागेतली फळे गळत आहेत. सकाळी चालले की पायाखाली येतात. धाकली ओळ गेली. बाकीच्या झाडांचे सांगता येत नाही. विहिरीत काल सकाळी पाणी मांडीपर्यंत होते. आज शालू नदीवर गेली नाही. माझ्या दारावरून आपल्या विहिरीकडे गेली, आणि येताना भरलेला गुंड होता.

तुझी मोट सोडून पुन्हा टांगली आहे, पट्ट्याच्या शेजारी दुसरी खुंटी ठोकून. कातडे कडक झाले होते, जवसाचे तेल चोळले. एस.टी.वाल्याने वास येतो म्हणून ती नाहीतरी घेतली नसती. शिवाय आपल्यात मोट पाठवायची रीत नाही. पाऊस पडला की ज्याची त्याने स्वतः न्यायला यायचे.

पाऊस अजून पडलेला नाही.

उद्धव